कार्डावर सगळ्यांच्या ‘रिस्क’, मग पगार ३ लाख ते ३० लाख का?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. एम.कॉम. झालंय, एफआरएमचा (‘फायनान्शियल रिस्क मॅनेजर’ या परीक्षेचा) पहिला भाग पास. सोलापुरातल्या एका नागरी सहकारी बँकेच्या कर्ज विभागात महिना २६ हजारांवर दीडेक वर्ष काम करताय. पुण्यातल्या एका एनबीएफसीची (बँक नसलेल्या वित्त कंपनीची) वर्षाला ९ लाखांची ऑफर हातात आहे. कॉलेजची मैत्रीण पुण्यातच एका परदेशी बँकेच्या केंद्रात १४ लाखांवर आहे, आणि अमेरिकेतला मामेभाऊ म्हणतो की तिकडे कर्जाची जोखीम मोजायच्या याच कामाचे वर्षाला लाख डॉलर मिळतात. एवढा फरक का, एफआरएमचा दुसरा भाग दिला तर तो भरून निघेल का, आणि ‘घरचं खाऊन सोलापुरात राहिलेलंच बरं’ हे आईचं म्हणणं कितपत खरं, असं तुम्ही विचारलंय.

मी या कामात वीसेक वर्षं आहे. सुरुवात इथल्याच सहकारी बँकेत, मग मुंबई-पुण्यात एनबीएफसींच्या क्रेडिट रिस्कमध्ये, आता जुळे सोलापुरात राहून छोट्या बँकांना सल्ला देतो. पगार मागायच्या बाजूलाही बसलोय आणि ठरवायच्या बाजूलाही. खाली खासगी नोकऱ्यांच्या पगाराचे जे आकडे येतील ते माझ्या पाहण्यातले आहेत, सर्वेक्षणातले नव्हेत. थोडं इकडेतिकडे धरून चाला.

मामेभावाचं आधी उरकून टाकू. तो खोटं बोलत नाहीये. अमेरिकेचं कामगार सांख्यिकी खातं या व्यवसायाची आता वेगळी नोंद ठेवतं. २०१८च्या वर्गीकरणात त्याला स्वतंत्र क्रमांक मिळाला, त्याआधी ही मंडळी ‘इतर वित्तीय तज्ज्ञ’ या ढिगात मोजली जायची. तिथला मध्यक पगार वर्षाला एक लाख डॉलरच्या थोडा वर आहे. पण मध्यक म्हणजे निम्मे लोक त्याच्या खाली. त्याच तक्त्यात वरच्या दहा टक्क्यांचा पगार खालच्या दहा टक्क्यांच्या दुपटीहून बराच जास्त दिसतो, आणि उद्योग बदलला, राज्य बदललं की आकडाही बदलतो. म्हणजे हा फरक आपल्याकडचाच आहे असं नाही, तिकडेही तो आहेच. डॉलरला रुपयाच्या भावाने गुणून जुळे सोलापुरातल्या घरभाड्याशी ताडून बघायचा खेळ मात्र सोडा, त्यातून हाती काही लागत नाही.

आता मूळ मुद्दा. माझ्या अनुभवात पगार सगळ्यात जास्त एकाच गोष्टीवर ठरतो: तुम्ही काढलेल्या आकड्यावर किती पैसा हलतो. शिक्षण, हुशारी, शहर हे सगळं त्याच्यानंतर.

अपेक्षित तोट्याचं सूत्र तुम्हाला परीक्षेमुळे पाठ असेल. कर्ज थकण्याची शक्यता, गुणिले थकल्यावर बुडणारा हिस्सा, गुणिले येणं रक्कम. समजा एका एनबीएफसीचं ५०० कोटींचं विनातारण कर्ज आहे आणि बुडणारा हिस्सा ६० टक्के धरलाय. थकण्याची शक्यता ४ टक्के धरायची की ५, एवढाच वाद. तो एक टक्का म्हणजे ३ कोटींची जादा तरतूद (बुडीतापोटी बाजूला ठेवायची रक्कम), सरळ नफ्यातून वजा. मग ऑडिटर विचारतो, सीएफओ (वित्त प्रमुख) चिडतो, संचालक मंडळासमोर कागद जातो. हे पाच टक्के कुठून आले ते जो माणूस पुराव्यानिशी सांगू शकतो, त्याला वर्षाला २० लाख देणं कंपनीला जड जात नाही. आता हाच वाद १० कोटींच्या कर्जावर घ्या. फरक पडतो ६ लाखांचा. सहा लाखांचा वाद मिटवायला बारा लाखांचा माणूस कोण ठेवील?

त्यात तुमच्या बँकेत हा वादच होत नाही. सहकारी बँकेत हप्ता ९० दिवस थकला की खातं एनपीए, आणि कुठल्या वर्गाला किती टक्के तरतूद हे रिझर्व्ह बँकेने ठरवून दिलेलं. सॉफ्टवेअर रात्रीतून यादी काढून देतं. माणसाच्या अंदाजाला तिथे जागा कमी, म्हणून त्या अंदाजाची किंमतही कमी. एनबीएफसींचं उलटं आहे. ५०० कोटी आणि त्यावर नक्त मालमत्ता असलेल्यांना १ एप्रिल २०१८पासून नवी भारतीय लेखामानकं लागू झाली आणि अपेक्षित तोटा स्वतःच्या मॉडेलने (आकडेवारीवर बसवलेल्या गणिताने) काढावा लागला. तेव्हा पुण्या-मुंबईत अचानक अशी माणसं शोधायची धावपळ सुरू झाली. पाच वर्षांचा अनुभव असलेली मुलं वर्षात दोन-दोन ऑफर घेऊन फिरत होती. व्यापारी बँकांनाही याच वाटेने न्यायचं म्हणून रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२३मध्ये चर्चापत्र काढलं, त्यामुळे ही मागणी लवकर ओसरेल असं मला वाटत नाही.

दुसरी गोष्ट, सक्तीची. जोखीम विभाग कोणी हौसेने ठेवत नाही. नियामक सांगतो म्हणून खुर्ची तयार होते. रिझर्व्ह बँकेने मोठ्या एनबीएफसींना २०१९मध्ये चीफ रिस्क ऑफिसर नेमायला लावला, ५ हजार कोटींच्या वरच्या मालमत्तेसाठी. नागरी सहकारी बँकांना २०२१मध्ये तोच नियम आला, तोच ५ हजार कोटींचा उंबरठा ठेवून. आपल्याकडच्या बहुतेक नागरी बँका त्या उंबरठ्याच्या खूप अलीकडे आहेत. त्यामुळे तुमच्या बँकेत ‘रिस्क’ म्हणजे कर्ज विभागातलाच कोणीतरी, ज्याच्याकडे वसुलीचे रिपोर्ट, तपासणीची उत्तरं आणि संचालकांच्या सभेच्या टिपण्याही आहेत. वरची खुर्चीच नाही तर तिथे पोचायचं कसं? २६ हजारांचे ३२ हजार होतील, साठ होणार नाहीत. आणि यात तुमच्या साहेबांचा कंजूषपणा नाही, बँकेच्या ताळेबंदात तेवढी जागाच नसते.

मैत्रिणीचे १४ लाखही सक्तीतूनच आलेत, फक्त सक्ती परदेशातली आहे. अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हने एप्रिल २०११मध्ये मॉडेलच्या जोखमीबद्दल मार्गदर्शन काढलं: बँकेचं प्रत्येक महत्त्वाचं मॉडेल, ते बनवणाऱ्यापेक्षा वेगळ्या माणसाने तपासलं पाहिजे. शेकडो मॉडेलं, प्रत्येकाची ठरलेल्या मुदतीने तपासणी, प्रत्येकाचा जाडजूड अहवाल. हे काम न्यूयॉर्कात बसून करायचं तर फार महाग पडतं, म्हणून ते बेंगळुरू, पुणे, हैदराबादला आलं. पगार चांगला असण्याचं कारण तेच आणि एका मर्यादेला अडकण्याचंही तेच. कारण निर्णय तिकडे होतो, इकडे त्याची तपासणी. दहा वर्षांनी तिथल्या पुष्कळांना भारतातल्या एका साध्या ट्रॅक्टर कर्जाची फाइल वाचता येत नाही. याला मी दोष म्हणत नाही, पण पगार मोजताना ही बाजूही धरा.

आता ‘रिस्क’ या पाटीबद्दल. ती हॉटेलवरच्या ‘शुद्ध शाकाहारी’सारखी आहे; आत काय शिजतं ते तिच्यावरून कळत नाही. सोलापुरात वाहन कर्ज आणि मायक्रोफायनान्स कंपन्यांच्या शाखांत जाहिराती लागतात, ‘रिस्क ऑफिसर’ म्हणून. त्यातल्या बऱ्याच आरसीयूच्या (फसवणूक पकडणाऱ्या विभागाच्या) असतात. म्हणजे आलेल्या फाइलींतून काही उचलायच्या, पगाराची स्लिप खरी का, पत्ता खरा का, बँक स्टेटमेंटमध्ये खाडाखोड केलीय का, हे जाऊन बघायचं. काम महत्त्वाचं आहे, डोकं लागतं, मोटरसायकलही लागते. पगार ३ ते ५ लाख. त्याच्या वर क्रेडिट मॅनेजर, जो फाइल मंजूर करतो. त्याच्या वर पॉलिसी आणि पोर्टफोलिओ टीम, जी ‘मंगळवेढ्याच्या शाखेत पहिलाच हप्ता बाउन्स व्हायचं प्रमाण वाढलंय, तिथली मर्यादा कमी करा’ असं ठरवते. मग मॉडेल करणारे, आणि ते तपासणारे. बाजार जोखीम आणि ट्रेझरी (व्याजदर, रोखे, चलन यांचे व्यवहार आणि त्यातला धोका) हा वेगळाच पंथ, तो मुंबईत राहतो. ऑपरेशनल रिस्कवाल्यांना (कामकाजातल्या चुका आणि अफरातफरी रोखणाऱ्यांना) सगळ्यात कमी भाव मिळतो असं माझं निरीक्षण आहे, कारण त्यांच्यामुळे जे घडलं नाही ते कोणाला दाखवता येत नाही. मोठी अफरातफर झाली की वर्षभर त्यांना मान, मग परत जैसे थे.

तुम्हाला आलेली ऑफर यातली नेमकी कुठली, ते पत्रावरच्या हुद्द्यावरून सांगता येणार नाही. कामाचं वर्णन मागवा. त्यात ‘डेटा’, ‘पोर्टफोलिओ’, ‘तरतूद’ असे शब्द दिसले तर ९ लाख हा ठीक आरंभ आहे. ‘फील्ड व्हिजिट’ आणि ‘सॅम्पलिंग’ एवढंच दिसलं तर पगार बरा, पण पुढची पायरी कुठली ते आधी विचारा.

सरकारी बँकेचं कोणी तुम्हाला सांगितलंच असेल. तिथे हिशेब सगळ्यात सोपा. मार्च २०२४च्या करारानंतर स्केल वनच्या (सगळ्यात खालच्या श्रेणीच्या) अधिकाऱ्याचं महिन्याचं मूळ वेतन ४८,४८० रुपयांपासून सुरू होतं, स्केल टूचं ६४,८२० पासून. वर महागाई भत्ता वगैरे. मुख्य कार्यालयातल्या रिस्क विभागात बसलात काय किंवा बार्शीच्या शाखेत, स्केल तेच तर मूळ पगार तोच. कौशल्याचा वेगळा भाव तिथे नाही, बदल्या मात्र आहेत. सीएआयआयबी ही बँकिंगची परीक्षा केली की वेतनवाढी मिळतात, तेवढंच.

आणखी एक गोष्ट मुलाखतीत कोणी सांगत नाही. या क्षेत्रात बोनस मुद्दामच छोटा ठेवलेला असतो. खासगी आणि परदेशी बँकांसाठी रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१९मध्ये पगाराचे नियम काढले. बँकेचे प्रमुख आणि मोठे निर्णय घेणारे अधिकारी यांचा निदान निम्मा मोबदला कामगिरीशी बांधलेला हवा, पण जोखीम, अनुपालन आणि ऑडिटवाल्यांचा पगार ज्या धंद्यावर ते लक्ष ठेवतात त्यापासून स्वतंत्र हवा आणि त्यात स्थिर भाग जास्त हवा. कारण उघड आहे. कर्ज जास्त वाटलं तर तुम्हालाही बोनस, असं ठरलं तर ‘नको’ कोण म्हणेल? त्यामुळे सेल्समधला तुमच्याच वयाचा मुलगा चांगल्या वर्षी तुमच्या पुढे जाणार, वाईट वर्षी घरी बसणार. तुमचा आलेख सपाट राहतो. ज्याला हे खुपतं त्याने या वाटेला येऊ नये, हे मी नव्या पोरांना स्पष्ट सांगतो. आणि एखाद्या कंपनीने रिस्कच्या माणसाला वाटपाच्या टार्गेटवर मोठा इन्सेंटिव्ह देऊ केला तर तिथे रिस्क कोणाला नकोय, एवढं समजून घ्या.

आता ९ लाख उघडून बघू, कारण आईशी बोलताना तुम्हाला वार्षिक नाही, महिन्याचा आकडा लागेल. अशा ऑफरमध्ये समजा १० टक्के बदलता भाग, म्हणजे ९० हजार, तो वर्षाअखेरीस आणि मिळाला तर. राहिले ८ लाख १० हजार. मूळ वेतन ३ लाख ६० हजार धरलं तर त्यावर कंपनीचा पीएफ ४३,२००, ग्रॅच्युइटीचे साधारण १७,३००, मेडिक्लेमचे दहा-बारा हजार, हे सगळं तुमच्याच ९ लाखांत मोजलेलं असतं. हातात येणारे सुमारे ७ लाख ३७ हजार, महिन्याला ६१ हजार. त्यातून तुमचा पीएफ ३,६०० आणि व्यवसाय कर २०० गेले की ५७ ते ५८ हजार. २०२५-२६च्या नव्या कररचनेत पगारदाराला पावणेतेरा लाखांपर्यंत आयकर नाही, ते एक बरं. शिवाय ग्रॅच्युइटीचं ते १७ हजारांचं नाव दरवर्षी कागदावर दिसतं, पण साधारणपणे पाच वर्षं टिकलात तरच हातात.

पुण्यात दोघी-तिघींनी मिळून घेतलेल्या फ्लॅटचं भाडं, डबा, जाणं-येणं आणि महिन्यातून दोनदा हुतात्मा एक्स्प्रेसने घरी, असे २५ हजार सहज जातात. राहिले ३२-३३ हजार. सोलापुरात घरी राहून २६ हजारांतून पीएफ कापून तुमचे १८ ते २० मागे पडत असतील. म्हणजे आईच्या म्हणण्यात तथ्य आहे, सोलापूरची बाजू वाटते तेवढी कमकुवत नाही. आज हातात उरणारा फरक बारा-पंधरा हजारांचाच आहे. पण चार वर्षांनी पुण्यातला माणूस १५ ते १८ लाखांवर असतो आणि इथला ४ लाखांवर. फरक तिथे आहे.

एफआरएमबद्दल. नोंदणी आणि दोन्ही भाग धरून खर्च दीड हजार डॉलरच्या वर जातो. त्यातला मोठा भाग तुम्ही भरून बसलाय, आणि पहिला भाग पास झाल्यापासून चार वर्षांत दुसरा काढावा लागतो, त्यामुळे सोडू नका. पण परीक्षेने पगार वाढत नाही, मुलाखतीचं बोलावणं येतं. माझ्यासमोर दोन उमेदवार असतील, एक दोन्ही भाग पास पण एक्सेलच्या पुढे न गेलेला, दुसरा एक भाग पास आणि एसक्यूएल लिहून स्वतः डेटा काढणारा, तर मी दुसऱ्याला दोन लाख जास्त देतो. दुसऱ्या भागाबरोबर एसक्यूएल आणि थोडं पायथॉन शिका. एसक्यूएलची सवय लागायला तीन-चार महिन्यांच्या संध्याकाळी पुरतात, पायथॉनला जरा जास्त.

आणि आता जे सांगतोय ते तुमच्या बायोडेटात एका ओळीतही नाही, याचं मला नवल वाटलं. तुम्ही सोलापुरातल्या कर्ज विभागात आहात. साखर कारखान्याचं तारण कर्ज बघितलं असेल, निदान सहभाग कर्जाच्या (अनेक बँकांनी मिळून दिलेल्या कर्जाच्या) फाइलीत तरी. गोदामात एक लाख क्विंटल साखर, भाव ३,५०० रुपये धरला तर ३५ कोटी. १५ टक्के मार्जिन सोडून उचल, म्हणजे तारणावर मिळणारं कर्ज, २९ कोटी ७५ लाख. भाव ३,३०० वर आला की तीच उचल २८ कोटी ५ लाखांवर बसते, आणि १ कोटी ७० लाख उघडे पडतात. इथवर कोणीही गणित करील. पण उसाची एफआरपी (सरकारने ठरवलेला किमान दर) १४ दिवसांत द्यायची असते, ती थकली की साखर आयुक्त वसुलीचं प्रमाणपत्र काढतात आणि जिल्हाधिकाऱ्यांमार्फत त्याच साखरेवर टाच येऊ शकते. तारण ठेवलेल्या साखरेवर बँकेचा हक्क आधी, असं सर्वोच्च न्यायालयाने २००७मध्ये म्हटलंय. तरी गोदामासमोर चारशे शेतकरी बसले असताना कुलूप उघडून विक्री कशी करायची, हे पुण्यातल्या मॉडेलवाल्याला ठाऊक नसतं. ज्याने एक गाळप हंगाम कर्जाच्या टेबलावर काढलाय त्याला ते कळतं.

तेच यंत्रमागाचं. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतला टॉवेलचा कारखानदार स्टॉक स्टेटमेंटमध्ये (बँकेला द्यायच्या मालसाठ्याच्या हिशेबात) दर महिन्याला तेवढंच उत्पादन दाखवतो. अनुभवी माणूस आधी वीजबिल मागतो. युनिटं निम्म्यावर आली असतील तर लूम बंद आहेत, मग स्टेटमेंटमधला माल कुठला? येणं बाकीची यादीही वयानुसार लावून बघायची: व्यापाऱ्याकडे ९० दिवसांवरची उधारी किती, ४५ दिवसांच्या आयकर नियमानंतर (लघुउद्योगाचं बिल मुदतीत न दिल्यास व्यापाऱ्याला त्या खर्चाची वजावट लगेच मिळत नाही) कुठल्या व्यापाऱ्याने खरेदी कमी केली. लघुउद्योगांना कर्ज देणाऱ्या एनबीएफसी इचलकरंजी, भिवंडी, मालेगाव सगळीकडे अशाच कारखानदारांना पैसे देतात. त्यांना हे सांगा. ‘कर्ज प्रस्तावांची छाननी’ असं लिहिण्याऐवजी ‘वीजवापर आणि स्टॉक स्टेटमेंट ताडून किती खात्यांत तफावत काढली’ असं लिहा, आणि कुणाचं नाव न घेता आकडा द्या. ९ चे साडेदहा मागायला हा आधार पुरेसा आहे.

ऑफर स्वीकारण्याआधी त्यांना विचारा की रिस्कचा प्रमुख कोणाला रिपोर्ट करतो. एमडीला किंवा संचालकांच्या समितीला असेल तर उत्तम. बिझनेस हेडला असेल तर तुमचा ‘नको’ कागदावरच राहील. मागच्या वर्षी बदलत्या भागातलं प्रत्यक्षात किती टक्के वाटलं, हेही विचारा. उत्तर टाळलं तर ते ९० हजार शून्य धरून हिशेब करा. आणि त्यांचा नोटीस पीरियड बघा. या क्षेत्रात ९० दिवस सर्रास असतो, पुढची नोकरी पकडताना तो आडवा येतो.

जॉइनिंगची तारीख एप्रिलमधली मागा. ३१ मार्चचं एनपीए क्लोजिंग आणि त्यानंतर वैधानिक लेखापरीक्षकाने काढलेल्या हरकती, यातलं जेवढं आताच्या बँकेत तुमच्या हातून होईल तेवढं करून घ्या. कुठल्या खात्याला कोणता वर्ग दिला आणि का, यावर ऑडिटरशी झालेली वादावादी पुढच्या प्रत्येक मुलाखतीत विचारली जाते. मार्चअखेर सोडून जाणाऱ्याला अनुभवाचं पत्रही साहेब नाखुशीनेच देतात.